हलबची काजळी

आई सहा महिन्यांच्या व्हिजिटर व्हिसावर आली आणि आल्या आल्या तिने माझ्या न्यूझीलंडमधल्या, रोटोटुनाच्या घरातली सगळी पातेली घासायला काढली. "काय गं ही कळा भांड्यांची! एवढी फार्मसिस्ट झालीस आणि पातेल्याचं बूड बघ." मी म्हटलं, आई, डिशवॉशर आहे. "मग त्यालाच आई म्हण," ती म्हणाली. पुण्याला तिच्या ओट्यावरच्या तांब्या-पितळेत तोंड बघून टिकली लावता यायची. घासलेलं भांडं म्हणजे तिच्या लेखी चारित्र्याचा दाखला होता.

फेन्सपलीकडे राहायची ती सिरियातून निर्वासित होऊन आलेली बाई. पन्नाशीची असेल. तरुण मुलगा दुधाच्या फॅक्टरीत शिफ्ट करायचा आणि ही दिवसभर घरात एकटी. आईला इंग्रजी येत नव्हतं, तिला थोडंफार यायचं, तरी दोघींचं ढीगभर बोलणं व्हायचं, कसं ते देवाला माहीत. आधी फेन्सवरून लिंबं आली. मग आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यांतून पदार्थ जाऊ-येऊ लागले. शेजारणीचं भांडं रिकामं परत करायचं नाही हे आईला जसं ठाऊक होतं तसं तिलाही होतं, त्यामुळे ते थांबेचना. माझी लेक वैतागून म्हणायची, "मम, नॉट अगेन," आणि सगळ्यात जास्त तीच खायची.

एकदा आई अंगणात गोडा मसाला भाजत होती. घरात भाजला की स्मोक अलार्म बोंबलतो, म्हणून बार्बेक्यूच्या शेगडीवर. ती बाई फेन्सशी येऊन डोळे मिटून उभी राहिली आणि म्हणाली, "हलब." आपण ज्याला अलेप्पो म्हणतो, ते तिचं गाव. तिची आई असाच मसाला कुटायची म्हणे, दालचिनी, लवंग, धणे. मग तिने फोनवर फोटो दाखवले. गावाच्या मधोमध टेकाडावर किल्ला, खाली खंदक, वर जायला पूल. "अगं, ही तर आपली देवगिरी!" आई म्हणाली. छप्पर घातलेला बाजार, त्यात तांबटांची गल्ली, साबणवाल्यांची गल्ली, सगळं शेकडो वर्षांचं. नंतरचे फोटोही होते. आई ते बघेना. "जळ्ळं मेलं ते युद्ध," म्हणाली आणि मसाल्याकडे वळली.

तिच्या ईदला पदार्थ आला तो मात्र प्लास्टिकमध्ये नाही. तांब्याचं जुनं पातेलं होतं, काठावर नक्षी, आतून कल्हई, खालून स्वच्छ फडकं बांधलेलं. आत खजूर भरलेल्या बिस्किटांसारख्या वड्या. आईच्या वयाच्या पाहुणीला प्लास्टिकमधून द्यायचं तिला बरं वाटलं नसणार. वड्या संपल्या, आईने फडकं सोडलं, तर बूड काळंकुट्ट.

मी दिवसभर ड्यूटीवर होते. घरी आले तर सिंकमध्ये चिंचेचा कोळ, मीठ आणि आईचे लाल झालेले हात. पातेलं असं झळकत होतं की नुकतंच तांबटाने दिलंय. "बिचारीला कोण घासून देणार? एवढं जाड किटण होतं! आता बघ कशी खूश होते ते." त्यात आईने ताज्या करंज्या भरल्या आणि मला हाताला धरून शेजारी नेलं.

तिने दार उघडलं, हसली, करंज्यांचा वास घेतला. मग पातेलं वर उचलून खालून पाहिलं. तिने हळूच करंज्या बशीत काढल्या, पातेलं उलटं केलं आणि बुडावरून बोटं फिरवली, पुन्हा पुन्हा, काहीतरी शोधल्यासारखी. "व्हेअर इज इट?" तिने मला विचारलं. मला काही कळेना. आई आपली हसतेय, "आवडलं ना गं पोरी?" आणि ती बाई तिथेच उंबऱ्यात बसली.

मग तिने जे सांगितलं ते तुकड्यातुकड्यांनी. वेढ्याच्या दिवसांत गावात गॅस संपला, रॉकेल संपलं. लोकांनी खुर्च्या जाळल्या, कपाटं जाळली. ती आणि मुलगा निघाले, तिची आई निघेना. अंगणातल्या झाडाला पाणी कोण घालणार, म्हणाली. लेकीच्या वाटेवरच्या जेवणासाठी म्हातारीने घराचं दार फोडलं. पणजोबांच्याही आधीचं, अक्रोडाचं, कोरीव दार. त्याच्या ढलप्यांवर या पातेल्यात दलिया शिजवला आणि तसंच गरम पातेलं लेकीच्या हातात दिलं. नंतर ते घर पडलं, गल्ली पडली, म्हातारी ढिगाऱ्याखाली गेली. सीमा ओलांडताना, तंबूत, विमानात, पातेलं हिच्याजवळ होतं. आतून धुवायची, खालून कधी हात लावला नाही.

"दॅट वॉज माय डोअर," ती म्हणाली.

हे मला आईला मराठीत सांगावं लागलं, तिथेच, तिच्यासमोर. आयुष्यात इतकं वाईट काम मी दुसरं केलेलं नाही. आईचं हसू एकदम गेलं नाही, हळूहळू गेलं, ते बघवत नव्हतं. "मी चांगल्यासाठीच केलं गं," एवढंच म्हणाली.

त्या दिवसापासून पलीकडचे पडदे बंद झाले. लिंबं झाडाखाली पडून सडू लागली. आईने जेवण टाकलं. एका दुपारी पाहते तर तिने तुपाचं निरांजन लावून वर ताटली धरली होती. "काजळ धरतेय. तिच्या पातेल्याला लावून देईन."

"आई, वेडी आहेस का तू? ती काजळी वेगळी!" मी ओरडले. मला तिचा राग आला होता, त्या बाईची दया येत होती, आणि स्वतःच्या काचेच्या, धूर नसलेल्या शेगडीकडे बघून रडू फुटत होतं. ताटली बाजूला ठेवून आई म्हणाली, "तिच्या आईचं शेवटचं होतं गं ते. मी पुसून टाकलं."

निघायच्या आदल्या दिवशी आई कणीक मळता मळता उठली आणि एकटीच शेजारी गेली. बरोबर स्टीलचा डबा, लग्नात मिळालेला, टिंबाटिंबांनी तिचं नाव घातलेला, गोड्या मसाल्याने गच्च भरलेला. मी खिडकीतून पाहत होते. आईने डबा पुढे केला आणि दोन्ही हातांनी स्वतःचे कान धरले. माझी आई! पंच्याहत्तरीची! त्या बाईने तिचे हात कानांवरून काढले आणि घरात नेलं. दार लागलं. आई बऱ्याच वेळाने आली, डोळे सुजलेले. काय बोलणं झालं ते तिने मला कधीच सांगितलं नाही.

गेल्या वर्षी आई गेली. रात्रीतून, काही न सांगता. ऑकलंडहून सिंगापूर, तिथून मुंबई, मग टॅक्सी. मी पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. नातेवाइकांनी मायेने घर धुऊन काढलं होतं. चादरी धुतल्या, लुगडी वाटून टाकली, ओटा लख्ख, डबे घासून पालथे घातलेले. कोणाला काय बोलणार? आईचीच शिकवण ती. मी तिच्या कपाटात डोकं घातलं तर डांबरगोळ्यांचा वास आला. घरभर फिरले, कुठेच ती नव्हती.

परत आले त्या संध्याकाळी बेल वाजली. दारात शेजारची ती बाई उभी होती, माझ्या लेकीकडून तिला कळलं असणार. तिने तो स्टीलचा डबा माझ्या हातात दिला. नुसता हातात धरूनच कळत होतं, फार काही उरलेलं नाही. बाहेरून आईच्या पिठाच्या बोटांचे ठसे तसेच वाळलेले होते, झाकणाच्या कडेला मसाल्याची तपकिरी रेघ होती.

"आय डिड नॉट वॉश," ती म्हणाली.

मी झाकण उघडलं. तळाशी चमचाभर मसाला होता. आईने भाजलेला, तिच्या हाताचा. तो वास आला आणि मी पटकन झाकण लावून टाकलं, संपेल म्हणून. मी उंबऱ्यातच बसले आणि ती माझ्या शेजारी येऊन बसली.