अण्णांचं रान

परवा वेळ अमावस्या होती, आणि सणाच्या दिवशी मी अण्णांवर, म्हणजे माझ्या वडिलांवर, भर लोकांत ओरडले. चूक माझ्या एकटीची होती हे मला अजूनही पटलेलं नाही...

झालं असं, की पनवेलच्या आमच्या वाचन गटात सध्या परदेशात स्थायिक झालेल्यांच्या मुलांनी लिहिलेली आठवणींची पुस्तकं चालली आहेत. आईवडिलांचा देश धड पाहिलेला नाही, पण त्याच्या आठवणी घेऊन वाढलेली मुलं. वाचताना सारखं वाटायचं, अरे, ही तर मीच!

अण्णा लातूरकडचं गाव सोडून न्हावा शेव्याच्या कंटेनर यार्डात कामाला आले. मी इथेच जन्मले, घरातली पहिली ग्रॅज्युएट झाले... आणि गाव मात्र फक्त ऐकून पाठ. येत्या रविवारी गटात मी त्यावरच लेख वाचणार आहे, आणि अण्णाही ऐकायला येणार आहेत. नाव होतं 'आपलं रान', म्हणजे गावाकडचं आमचं शेत. विहीर, बांधावरची चिंच, ओल्या हरभऱ्याचा वास, लहानपणापासून अण्णांनी सांगितलेलं सगळं त्यात होतं.

वेळ अमावस्या हा आमच्याकडचा मोठा सण. त्या दिवशी गावं ओस पडतात, सगळे शेतात जेवायला. कडब्याची कोप, म्हणजे छोटी झोपडी, उभारायची, आत पाच दगड पांडव म्हणून पुजायचे, मग भज्जी ही शेंगा-पालेभाज्यांची मिसळ भाजी, बाजरीचे वाफवलेले उंडे आणि मडक्यातलं आंबील.

इथे शेत कुठून आणणार? म्हणून अण्णा दरवर्षी कळंबोलीत ट्रक टर्मिनलच्या मागे मोकळ्या जागेत दगड मांडतात. कडब्याऐवजी ताडपत्री. आणि दिसेल त्या ड्रायव्हरला हाताला धरून जेवायला बसवतात.

मी सकाळपासून फोनवर रेकॉर्डिंग लावून त्यांच्या मागे. विहीर कुठल्या बाजूला होती? तर म्हणे, आंबील ढवळ. चिंच कोणी लावलेली? तर म्हणे, तो सरदारजी उपाशी चाललाय बघ, हाक मार त्याला. तिकडे गट चालवणाऱ्या ताईंचे मेसेज, शेत हातातून कसं गेलं तो प्रसंग घेतलास ना? आणि इकडे आमचे अण्णा!

शेवटी माझा तोल गेला. "अण्णा, एका तरी प्रश्नाचं सरळ उत्तर द्या! आपलं रान गेलं कसं?"

आईने पळी पातेल्यात आपटली. "असलं तर जाईल ना! रान कवा होतं आपल्याला? ह्यांनी सांगावं अन् हिनं लिहावं... बापलेक एका माळंचे मणी."

ड्रायव्हर मंडळी जेवता जेवता थांबली.

मग अण्णांनीच सांगितलं. वेळ अमावस्येला ज्यांना शेत नाही, त्यांना शेतवाले जेवायला बोलावतात. आजोबा सगळ्या पोरांना आंघोळ घालून, बोलावणं येईपर्यंत ओट्यावर बसवायचे. विहीर, चिंच, हरभरा, सगळं खरं होतं... फक्त दुसऱ्याचं.

"मग आपलं आपलं का म्हणत होतात? मी शाळेत निबंध लिहिलेत त्यावर!"

"दुसऱ्याच्या रानात जेवलो, असं सांगू का लेकराला?" अण्णा म्हणाले. मग ताडपत्रीकडे हात करून, "तिथं बोलवण्याची वाट बघायचो. हितं मी बोलवतो. हे लिही की."

मला राग आला. खोटं सांगितलं याचा तर आलाच, पण ते खोटं त्यांना सांगावंसं वाटलं याचा जास्त. आणि ओट्यावर बसलेल्या त्या आंघोळ केलेल्या पोरांचं काय करायचं, हे तर मला अजून कळत नाहीये.

तो लेख गेला. नवा लिहायचा, तर अण्णांनी इतकी वर्षं झाकून ठेवलेलं चारचौघांत उघडं करायचं. ते स्वतः समोर बसलेले असताना. म्हणून स्पष्टच विचारलं, "रविवारी हे वाचू का?"

त्यांनी आणखी दोघांच्या पत्रावळीत भज्जी वाढली. मग म्हणाले, "वाच. पण मला पुढं बसव. हॉर्न ऐकून ऐकून कान गेलेत, मागनं काय बी ऐकू येत न्हाई."

लेख पुन्हा पहिल्यापासून लिहितेय. वैतागलेली आहेच... पण ज्या अण्णांनी एवढं जपलेलं गुपित माझ्या हातात दिलं आणि वर पुढची खुर्ची मागितली, त्यांच्यावर किती दिवस चिडून राहणार?