हीरोच्या कोपरामागची बाई

माझ्याबरोबर पिक्चर बघायला घरात कुणी तयार नसतं. हीरोने गाडीतून उतरून झोपडीत पाय ठेवला की मी म्हणतो, "बघा, आला तारणहार!" हीरोइन पिकातून गाणं म्हणत धावली की मी म्हणतो, "कापसात असं धावून दाखव म्हणावं, पिंढऱ्या सोलून निघतील." आणि पडद्यावरचा शेतकरी रडायला लागला की मी उठून उभाच राहतो. आमचं गाव कळसाडीच्या बाजूचं, ऊस-कापसाचं. "आमच्या पिकाला ग्लिसरीनचं पाणी नको!" असं मी एकदा टीव्हीसमोर ओरडलो होतो. ते वाक्य मला इतकं आवडलं की पुढे एका पत्रकात घातलं. आई मात्र म्हणाली, "तू पिच्चर देखस का पंचनामा करस? उगी बस ना रे."

आईचं खरं आहे. मी काम करतो त्या संघटनेची पत्रकं लिहून लिहून माझं डोकं तसंच झालं आहे. मावसभावाची लग्नपत्रिका लिहायला घेतली, तर शेवटी 'मोठ्या संख्येने सामील व्हा!' लिहून मोकळा झालो. तोच चष्मा लावून मी पिक्चर बघतो. दिग्दर्शक उत्तर द्यायला समोर नसतो, म्हणून माझा आवाज आणखी चढतो.

आता आवडीचं सांगतो, पण हे संघटनेत कुणाला सांगू नका. मला जत्रेत हरवलेल्या भावांचे पिक्चर आवडतात. त्यात जमीन नसते, पाणी नसतं, हक्क नसतात. असतो एक तुटका करदोटा. अर्धा एका भावाकडे, अर्धा दुसऱ्याकडे. हे दोन तुकडे शेवटी जुळणार हे शेंबड्या पोरालाही कळतं, तरी ते जुळले की माझं नाक वाहायला लागतं.

"काबर रडी ऱ्हायना?" आई विचारते.

"सर्दी शे."

"भाऊ सापडना का तुले सर्दी व्हस."

तर असा मी, करदोट्यावर रडणारा, एका पिक्चरच्या विरोधात खांडबाऱ्याला उभा राहिलो. हा हिंदी पिक्चर आमच्याच डोंगरांत काढलेला. त्यात हीरो जंगलात वाट चुकतो, 'जंगली' लोक त्याला बांबूला उलटा टांगतात आणि भोवती नाचतात. बायकांच्या तोंडावर पांढरे ठिपके, अंगात बिबट्याच्या छापाचं कापड. काठी गावच्या होळीत डोक्यावर मोरपिसांचा टोप चढवायचा तर माणूस नवस बोलतो, आधी दिवसेंदिवस व्रताची पाळणूक करतो. इथे तोच टोप घालून एक जण हीरोला भाला टोचत होता. मी फोनवर बघितला आणि जेवायच्या आधी पत्रक लिहून टाकलं. मथळा: 'आम्ही तुमच्या पडद्यावरचे नमुने नाही!'

माझी सहकारी खांडबाऱ्याजवळच्या आदिवासी पाड्यावरची आहे. तिने मथळा वाचला आणि विचारलं, "आम्ही म्हणजे कोण? तू? तुझ्या बापाच्या दारात ट्रॅक्टर उभा आहे."

"एकजुटीच्या अर्थाने लिहिलंय."

"मग एकजुटीने मला विचारायचं तरी."

मथळा तसाच राहिला. छपाई झाली होती.

बाजाराच्या दिवशी दुपारी आम्ही खांडबाऱ्याच्या एका हॉलमध्ये कार्यक्रम ठेवला. खिडक्यांना ताडपत्र्या लावून अंधार केला, भिंतीवर चादर बांधली. आमची पद्धत ठरलेली आहे: पिक्चर दाखवायचा, आक्षेपाची जागा आली की थांबवायचा आणि त्यावर बोलायचं. लॅपटॉपवर सहकारी बसली, बोलायला मी. हॉल इतका भरला की मला वाटलं, चळवळ पेटली. लोक टोपल्या, पिशव्या, लेकरं घेऊन आले होते. पत्रकं सगळ्यांनी घेतली आणि खाली घालून बसले.

हीरो गाडीतून उतरला. मी पिक्चर थांबवला, बोललो. हीरो ओढ्यावर पाणी प्यायला. थांबवला, बोललो. मागून एक म्हातारा म्हणाला, "भाऊ, त्याला पाणी तर पिऊ दे." लोक हसले. मी त्यांच्या राजकीय जाणिवेबद्दल मनात दुःख केलं.

नाच जवळ आला तसा मी हात वर केला आणि पिक्चर बंद करायला लावला. म्हणालो, "यापुढचा भाग आम्ही दाखवणार नाही! कारण तो तुमचा अपमान आहे!" आणि टाळ्यांसाठी थांबलो.

एकही टाळी आली नाही.

पुढच्या रांगेतून एक बाई उठली. सहकारीची आत्या. घरी ती इकडच्या कोकणी आदिवासींची बोली बोलते, बाहेर मराठी आणि अध्येमध्ये गुजराती. तुरीच्या शेंगांची टोपली बाजारात शेजारणीच्या भरवशावर टाकून ती आली होती. "बंद का केलास?"

"आत्या, त्यात तुमची चेष्टा केली आहे."

"अपमान माझा झाला ना? मग मला बघू तर दे!"

मला काही कळेना. सहकारीने कपाळाला हात लावला आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, ते असं: शूटिंगवाल्यांनी टेम्पोत भरून नेलेल्या बायकांत आत्या होती. तेव्हापासून ती सांगते, मी पिक्चरमध्ये आहे. तिची जाऊ सांगते, खोटं. हिला कापून टाकलं. फोनवर शोधलं तर एवढ्याशा काचेत सगळ्या बायका मुंग्यांसारख्या. पाणवठ्यावर, लग्नात, सगळीकडे आत्याची टिंगल व्हायची, 'आली हीरोइन'. आज मोठ्या चादरीवर दिसणार म्हणून ती जावेला हाताला धरून घेऊन आली होती. निम्मा हॉल त्या भांडणाचा निकाल ऐकायला आला होता.

"हे तू मला आता सांगतेस?"

"तू बोलायचा थांबलास कधी?"

पिक्चर पुन्हा सुरू केला. ढोल वाजला, बायका उड्या मारू लागल्या आणि हॉलमध्ये आरडाओरडा झाला. "ती बघ, अमक्याची सून!" "पायात चप्पल आहे गं तिच्या!" एवढ्यात मोरपिसांचा टोप दिसला. माझं डोकं फिरलं, सवयीने मी बोट उगारून उठलो. "मित्रहो, हा टोप..." मी नेमका प्रोजेक्टरच्या पुढे उभा होतो. चादरीवर माझ्या डोक्याची कलिंगडाएवढी सावली पडली.

"खाली बस!" अख्खा हॉल ओरडला. मी बसलो, पण नाच संपला होता.

"बघितलं?" जाऊ म्हणाली. "कुठे आहे?"

"याच्या डोक्यामागे होते!" आत्या रडकुंडीला आली. "देवाशपथ, याच्या डोक्यामागे!"

एवढी उघड हार मी मोर्चातही खाल्लेली नाही. मी लॅपटॉपजवळ गेलो, पिक्चर मागे घेतला आणि आयुष्यात पहिल्यांदा काही न बोलता तो थांबवायला बसलो. थोडं पुढे, थोडं मागे. मग उलट्या टांगलेल्या हीरोच्या कोपरामागे एक चेहरा आला. तोंडभर ठिपके, थोडा हललेला, मोठ्याने हसणारा. आम्ही चित्र तिथेच धरलं.

जाऊ उठली, चादरीजवळ गेली, नाक लावून बघितलं.

"तूच आहेस," ती म्हणाली. मग चादरीवर बोट ठेवून, "पण नाक केवढं दिसतंय."

"नाकाचं राहू दे. आहे ना?"

"आहे, बाई, आहे."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी आत्याला विचारलं, एवढं हसायला काय झालं होतं? "त्या हीरोला उलटा टांगला ना, त्याची पँट सुटत होती. धरायला हात मोकळा नव्हता!" ती पुन्हा तशीच हसली. "परत लाव."

परत लावला. बाहेर बाजारात बातमी गेली, आणखी लोक आले, परत लावला. आमच्या जिल्ह्यात त्या पिक्चरचा हाऊसफुल खेळ तेवढाच झाला असेल, आणि तो बहिष्कारवाल्यांनी फुकट केला. माझं पत्रक मात्र मी मागे घेतलेलं नाही. त्यातला 'आम्ही' सोडून शब्द न् शब्द खरा आहे. टोप नवसाचाच असतो, पिक्चर भंगारच आहे.

मध्यंतरी तो टीव्हीवर लागला. हीरो ओढ्यावर आला तसं मी तोंड उघडलं. आत्याची गोष्ट आईला मीच सांगितली होती. ती पुढे सरकून बसली आणि पडद्यावरची नजर न हलवता म्हणाली, "आता उगी ऱ्हाय. ती येई ऱ्हायनी."