भिंतीवरचा रशियन ट्रॅक्टर
कधीच न भेटलेल्या माणसांच्या भीतीवर देशाने आपले मित्र आणि शत्रू ठरवावेत का? सायकलच्या ग्रीसचा वास आला की सायकली दुरुस्त करणाऱ्या चाचांचं दारव्ह्यातलं दुकान आठवतं. शीतयुद्धाच्या काळात शेती शिकवायला आलेला अमेरिकन तरुण तिथे घरी पाठवायला फोटो काढून घेत होता. मागे रशियन ट्रॅक्टरचं चित्र दिसताच तो मोडक्या मराठीत म्हणाला, “हे काढा. आमच्याकडे रशियनांच्या भीतीवर निवडणुका जिंकतात. मला परत बोलावतील.” कम्युनिस्टांची पत्रकं वाचून तापलेला मी ओरडलो, “काढू नका, चाचा!” चाचा हसले. “अबे, पाहुणा हाय तो.” चित्र उतरवत त्यांनी त्याला विचारलं, “तुनं रशियन पाह्यला काय कधी?” “नाही.” “मंग काहून भेतं, बेटा?” फोटो झाल्यावर त्यानेच चित्र परत टांगलं आणि त्याखाली चाचांच्या खांद्यावर हात टाकून दुसरा फोटो काढून घेतला. आता दुकान नाही, चाचा नाहीत, तोही मायदेशी गेला. तो दुसरा फोटो कुणाकडे असेल, तर मला एकदा दाखवा.