हत्तीला पाजलेलं तेल

नांदेडात सरदारचाचांना लोक सीट कव्हरवाले म्हणून ओळखतात. मोटरसायकलची सीट फाटली, ऑटोची गादी खचली, की त्यांच्या टपरीपुढं येऊन उभं राहायचं. पण खुद्द चाचांना विचाराल तर सीट काय, कुणीही शिवतं. त्यांची खरी घमेंड तेलाची. एखाद्यानं कडक झालेलं रेक्झीन दाखवून “जाऊ द्या, नवीनच घेतो” म्हटलं की म्हातारा भडकलाच म्हणून समजा.

“ह्याला मेलं म्हणणारा तू कोण? उपाशी हाय ते. पाजलं की उठतंय!”

हे पाजणं चाचा लातूरला शिकले. तिथं प्लास्टिकच्या चादरी काढणारा एक कारखाना होता, त्यात अकरा वर्षं ते मिक्सरवर होते. पांढरी भुकटी यायची, तिच्यात तेल ओतायचं. तेल नसलं तर त्या भुकटीचा नळाचा कडक पाइप होतो. तेल घातलं की रेक्झीन, पावसाळी कोट, पोरांची हवा भरायची खेळणी. पीठ एकच, मऊपणा सगळा तेलाचा. उन्हापाण्यात वर्षं गेली की हे तेल हळूहळू निघून जातं आणि मऊ वस्तू ताठ होते, तडकते. कारखाना बंद पडला तेव्हा चाचा एवढी विद्या आणि तेलाच्या व्यापाऱ्याचा पत्ता घेऊन नांदेडला परतले. तेव्हापासून टपरीतल्या फळीखाली एक कॅन कायम असतो.

मार्चच्या अखेरीला विष्णुपुरीची वर्षाराणी त्यांच्याकडं आली. पिशवीतून तिनं घडी घातलेला निळा हत्ती काढला. हवा भरून पाण्यात सोडायचा, पाठीवर पोरानं बसायचं, असला. पाच वर्षं वापरलेला. कडेची शिवण इतकी ताठ झालेली की बोट फिरवलं तर ओरखडा यावा.

“चाचा, मऊ होतो का बघा. माझ्या पोरीचा हाय.”

पोरगी म्हणजे तनुजा, सात वर्षांची. जन्मापासून पायांच्या शिरा आखडलेल्या. डॉक्टरांनी बजावलं होतं, रोज कोमट पाण्यात पाय हलले पाहिजेत, नाहीतर गुडघे वाकडे राहतील, मग ऑपरेशनशिवाय गत्यंतर नाही. वर्षाराणीनं अंगणात हवेचा मोठा टब मांडला होता. पण तनुजाला पाण्याची भीती. या हत्तीवर बसवलं तरच ती आत जायची. आता त्याची शिवण मांडीला कापायची, म्हणून पंधरा दिवस झाले, पोरगी टबाकडं फिरकत नव्हती.

“गुडघे परत आवळून राहिलेत, चाचा. नवा हत्ती आणला तर फेकून दिला. दुसऱ्या कशाला हात लावत न्हाई.”

“परवा ये,” चाचा म्हणाले. “लोण्यासारखा करतो.”

दुसरं काही त्यांनी विचारलं नाही. कशाला विचारतील? सीटवर माणूस बसतो, हत्तीवर पोरगी बसणार, त्यात विचारायचं काय? आपल्याला सगळं कळतं असं वाटायला लागलं की माणूस विचारायचं विसरतो, आणि चाचांना तर तसं वाटून वीस वर्षं झाली होती.

हत्ती त्यांनी साबणानं धुतला, सावलीत वाळवला. मग कापसाच्या बोळ्यानं तेलाचा पातळ हात दिला, शिवणीला दोनदा. प्लास्टिकच्या कागदात गुंडाळून पत्र्यावर, उबेला ठेवला. दुसऱ्या दिवशी उलटा करून परत पाजला. शेवटी कोरड्या फडक्यानं पुसून वरून पावडर लावली. हत्ती खरंच मऊ झाला. शिवण तर गालावरून फिरवावी अशी. चाचांना एवढा आनंद झाला की वर्षाराणीची वाट न बघता शुक्रवारच्या नमाजनंतर स्कूटरवर हत्ती घेऊन ते स्वतःच विष्णुपुरीला निघाले. आपली करामत पाण्यात कशी दिसते ते बघायची हौस, दुसरं काय!

तनुजानं हत्ती ओळखला. पोटाशी धरला, ओरडली, हसली. आईनं हत्तीवर बसवून तिला पाण्यात सोडलं. चाचांना खुर्ची दिली, चहा दिला. पहिला घोट घेऊन त्यांनी मान वर केली तर तनुजा पुढं वाकून हत्तीचा कान चावत होती. नुसता तोंडात धरला नव्हता, चांगली चघळत होती.

“ती नेहमी चावते का?” चाचांनी विचारलं.

“लहानपणापासनं. त्याशिवाय करमतच न्हाई तिला.”

चाचांनी कप खाली ठेवला. कारखान्यात लहान पोरांच्या मालाचं काम लागलं की हेच तेल बाजूला काढायचे, दुसरं महागाचं आणायचे. सुपरवायझर अण्णाराव घसा फोडून सांगायचा, पोरं सगळं तोंडात घालतात रे, हे पिंप इकडं आणू नका! अकरा वर्षं ऐकलेलं वाक्य. आणि ऐन वेळेला आठवलं नाही.

आता शहाण्या माणसानं काय करावं? तिथंच उठून सांगावं. चाचांनी सांगितलं नाही. पोरगी हसत होती, आई डोळे पुसत होती, “चाचा, तुमचे लई उपकार” म्हणत होती. त्यांनी चहा संपवला आणि स्कूटर काढून घरी आले. चोरासारखे आले.

घरी जन्नतबी मशिनीवर बसली होती. चाचांची बायको, टपरीची निम्मी शिलाई तीच करते. नवरा जेवेना म्हणताना तिनं खोदून खोदून विचारलं. सगळं ऐकलं आणि कपाळावर हात मारला.

“सीट समझको लगाए क्या जी तुम? सीट कू कोन चबाता?” मग जरा थांबून म्हणाली, “आनि बोले बी नई उनकू?”



सकाळी उजाडताच ते परत विष्णुपुरीला. दारातच त्यांनी वर्षाराणीला सगळं सांगितलं. हे तेल अंगाला लागलं तर तेवढं काही नाही, पण रोज पोटात जायला नको. माझी चूक झाली.

“पुसलं तर निघंल का?”

“वरचं निघंल. आत मुरलंय ते थोडं थोडं बाहेर येत राहतंय, बेटी. पाजलेलं परत काढता येत न्हाई.”

 वर्षाराणी पेटली. “काल इथं बसून चहा पिलात तुमी! ती चावत होती तुमच्या डोळ्यापुढं. काल का न्हाई सांगितलं?”

“लाज वाटली,” चाचा म्हणाले.

“तुमच्या लाजेपायी माझ्या पोरीनं रात्रभर तोंडात धरला त्यो कान!”

तिनं हत्ती आणून त्यांच्या हातात कोंबला. आतून तनुजानं जो आकांत मांडला तो स्कूटर चालू झाली तरी ऐकू येत होता. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, म्हणतात ना, तसलं. कडक का असेना, पोरीकडं तिचा हत्ती होता. चाचांनी तोही घालवला.

त्या दिवशी टपरी उघडलीच नाही. जुना हत्ती वर्तमानपत्रावर ठेवून चाचांनी पेन्सिलीनं माप काढलं. कान, सोंड, पाठ, सगळं. जन्नतबीनं निळं सुती कापड आणून दोन-तीनदा उकळत्या पाण्यातून काढलं, मऊ केलं. आत घालायला लहान पोरांना चालते असा शिक्का असलेली नवी हवेची उशी आणली. विकत घेताना चाचांनी दुकानदाराला इतके प्रश्न विचारले की तो वैतागला. दोन दिवसांत हत्ती उभा राहिला. चाचा तो दारात देऊन आले, आत गेले नाहीत.

तनुजानं नवा हत्ती हुंगला आणि भिरकावला.

मंगळवारी चाचांनी फोन केला. “न्हाई गेली पाण्यात.” बुधवारी केला. “न्हाई.” गुरुवारी वर्षाराणीनं उचललाच नाही. टपरीवर गिऱ्हाईक यायचं, चाचा मापं चुकायचे, शिवलेलं उसवायचे. जन्नतबी ताट वाढून परत मशिनीवर जाऊन बसायची. एका पोरीचे गुडघे आपल्या हातानं वाकडे राहणार, हे चाचांच्या डोक्यातून हलेना.

शुक्रवारी दहाच्या सुमाराला फोन वाजला. वर्षाराणी होती. मागं पाण्याचा आणि आरडाओरड्याचा नुसता गोंधळ.

“चाचा, ऐका. सकाळी तुमच्या हत्तीवर लई राग काढला तिनं. टबात फेकून दिला. त्यो गेला तरंगत मधी. ही काठाला बसून त्याच्यावर ओरडून राहिली होती. मग त्याला मारायला म्हणून कड ओलांडली हिनं. आपली आपण! मी उचललं न्हाई, काही न्हाई.”

“पाणी किती हाय?” चाचा ओरडले.

“मांडीएवढं. मी जवळच हाय, धरलंय तिला. तास झाला, चाचा, बाहेर येईना. सोंड धरून त्याला बदडून राहिली, आन् बदडता बदडता पाय झाडून राहिली. दोन्ही पाय.”

चाचा टपरीच्या पायरीवर खाली बसले. समोर ऑटोवाला गादीचं विचारत होता, त्यांना ऐकू येत नव्हतं. ते रडत होते आणि रडतोय याची त्यांना आता लाज वाटत नव्हती.

“हॅलो? चाचा? थांबवू का तिला? हत्ती फाटंल ओ.”

“थांबवू नको,” चाचा म्हणाले. “बदडू दे. हत्तीला न्हाई, मला बदडतीय समज. चांगलं बदडू दे.”