मोरितांची कट्यार लाल ट्रेमध्ये

रवींद्रकाकांनी बायकोला एकच ताकीद दिली होती, "पात्याला हात लावू नकोस." शुभाकाकूंनी ती तंतोतंत पाळली.

अमेरिकेत, नोव्हायमधल्या त्यांच्या घरी दसऱ्याला पाटावर काकांचा मायक्रोमीटर, मुलाचा जुना लॅपटॉप, गाड्यांच्या किल्ल्या आणि एक जपानी कट्यार मांडली जाते. कट्यार वीतभर लांबीची, दीड-दोनशे वर्षांपूर्वीची. मोटारीचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात काका प्लेटिंगची, म्हणजे धातूवरच्या मुलाम्याची, क्वालिटी बघायचे, तेव्हा मोरिता त्यांचे जपानी साहेब होते. नागोयाला परतताना त्यांनी घराण्यातली ही कट्यार काकांच्या हातात दिली. तेव्हापासून काका पात्याला लवंगेच्या वासाचं तेल लावत आले. कपाट उघडलं की दातांच्या दवाखान्यात आल्यासारखं वाटतं.

मोरिता यंदाच्या वसंतात वारले. त्यांची मुलगी एमी अकाउंटंट आहे, तिची बदली नुकतीच नोव्हायला झाली. दसऱ्यानंतरच्या शनिवारी ती जेवायला येणार होती. कट्यार तिच्या हवाली करायची, आणि मिळाली तशीच करायची, हे काकांनी मनाशी पक्कं केलं होतं.

दसऱ्याच्या सकाळी काका झेंडूची फुलं आणायला गेले आणि काकूंनी देवाची भांडी घासायला काढली. चिंच उरली. मुठीचं कडं आणि म्यानावरच्या पट्ट्या काळ्या पडलेल्या त्यांना दिसल्या.

"बघा, कशी नव्यासारखी झाली!" काका आल्या आल्या त्या म्हणाल्या.

काका कोट न काढताच खुर्चीत बसले. तांब्यात थोडं सोनं मिसळून कारागिराने तो धातू मुद्दाम काळा केलेला होता, आणि त्या काळ्यावर सोन्याची शेवंती उठून दिसायची. आता सगळंच तांबूस लखलखत होतं. शेवंती शोधावी लागत होती.

"शुभा, तो मळ नव्हता गं. तेच तर काम होतं."

"मग तसं सांगायचं ना! पात्याला लावू नको म्हणालात, नाही लावला हात."

दोन दिवसांनी काकांनी बेसमेंटमधून रसायनांच्या बाटल्या वर आणल्या. "प्लेटिंगमध्ये जन्म गेलाय माझा. संध्याकाळपर्यंत काळं करून देतो."

"आणि एमीला काय सांगणार?"

"काही सांगायचं कशाला?"

"वा! इतकी वर्षं जेवताना लाल डब्याचं पुराण ऐकवलंत मला. ते काय फक्त कारखान्यापुरतं होतं?"

खराब निघालेला पार्ट लपवायचा नाही, सगळ्यांना दिसेल असा लाल डब्यात ठेवायचा, हा मोरितांचा नियम. काकांनी बाटल्यांची झाकणं न उघडताच त्या परत खाली नेल्या.

शनिवारी एमी आली तेव्हा टेबलावर भरीत, पोळ्या आणि शेजारी लाल प्लास्टिकचा ट्रे होता. ट्रेमध्ये कट्यार. एमीने आधी ट्रेकडे पाहिलं आणि तोंडावर हात ठेवून हसू लागली.

"बाबांचा लाल डबा! डिफेक्ट काय आहे, अंकल?"

काकांनी सांगायला सुरुवात केली. काकूंनी मध्येच तोडलं. "त्यांनी नाही, मी केलं."

एमीने मुठीचं कडं अंगठ्याखाली धरून बराच वेळ पाहिलं. तिचं हसू मावळलं होतं. "वाईट झालं," ती म्हणाली. मग कडं अंगठ्याने पुसत म्हणाली, "बाबा म्हणायचे, हाताळत राहिलं तर काळा रंग हळूहळू परततो. वर्षं लागतात."

"मग घेऊन जा. तुझीच आहे," काका म्हणाले.

"माझ्या अपार्टमेंटमध्ये ड्रॉवरमध्ये पडून राहील. इथे निदान कोणी तरी हात लावतं."

"लावतं ना," काका म्हणाले, "जरा जास्तच लावतं." काकूंनी त्यांच्या पानात न विचारता आणखी भरीत वाढलं.

आता बहुतेक शनिवारी एमी येते. चहा होईपर्यंत कट्यार एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात फिरते. बर्फ पडायला लागलं त्या सुमारास शेवंतीच्या पाकळ्यांच्या बुडाशी किंचित तपकिरी छटा धरली. काकांना ती भिंगातून दिसली, काकूंना नुसत्या डोळ्यांनी. ट्रे मात्र लालच आहे. पास करायला अजून अवकाश आहे, असं काका म्हणतात.