दत्ताच्या ट्रॅकवरून साखरपुड्याला

माझ्या मुलीच्या साखरपुड्याला जाताना मी कोंबड्यांच्या एका खुराड्याला तीन प्रदक्षिणा घातल्या. त्यामागे नवस नव्हता, शिस्त होती.

माझी मुलगी मधुरा हिने मला निवृत्तीनंतर सायकलच्या हँडलला बसवायचे, उपग्रहावरून वाट दाखवणारे यंत्र भेट दिले. चौतीस वर्षे भूगोल शिकवलेला मनुष्य यंत्राला हात लावण्यापूर्वी व्याख्या लिहितो. त्यासाठी मी दोनशे पानी वही घातली. 'रूट : पुढे जाण्यासाठी आखलेला मार्ग. ट्रॅक : कोणीतरी प्रत्यक्ष गेल्याची जशीच्या तशी नोंद. वेपॉइंट : वाटेवरील खुणेची जागा.' प्रत्येकीखाली पट्टीने लाल रेघ. व्याख्या मला तोंडपाठ होत्या. (हे कृपया लक्षात ठेवावे.)

साखरपुडा सांगलीत होता. पाहुणे साताऱ्याचे, वेळेचे पक्के! आष्ट्याहून निघालेल्या आमच्या जीपमध्ये सासुरवाडीची अकरा माणसे बसली आणि मुलीच्या बापाला जागा उरली नाही.

"मी सायकलने येतो," मी जाहीर केले.

"अहो, अंगठी तरी इकडं द्या!" पत्नी ओरडली.

"जोखमीची वस्तू जबाबदार व्यक्तीकडे असावी," असे म्हणून मी जावयाची अंगठी खिशात घातली.

मोठा रस्ता खणलेला होता. आतला रस्ता फक्त माझ्या मेहुण्याला, दत्ताला ठाऊक. आदल्या आठवड्यात तो माझीच सायकल घेऊन मंगल कार्यालय बघून आला होता, यंत्र चालू ठेवून.

"माझा ट्रॅक हाय की त्यात, दाजी! डोळं झाकून या," जीपमधून दत्ता म्हणाला.

मी डोळे उघडे ठेवून निघालो. फरक पडला नाही.

दुधगावात यंत्राने मला एका बोळात वळवले. बोळ एका अंगणात संपला. तिथे एक आजी शेंगा फोडत बसल्या होत्या.

"कोण पायजे?"

"कोणी नको, आजी. रस्ता इथूनच पुढे जातो."

"माज्या न्हाणीतनं?"

यंत्राच्या पडद्यावरची रेघ खरोखर न्हाणीपर्यंत जाऊन परत फिरली होती. मीही न्हाणीपर्यंत गेलो आणि परत फिरलो. आजी शेंग हातात धरून बघत राहिल्या.

कवठेपिरानजवळ ते खुराडे आले. रेघ त्याच्याभोवती तीनदा फिरलेली! कारण कळेना, पण रेघ सोडली की यंत्र 'मार्ग चुकला' म्हणून किंचाळे, आणि विद्यार्थ्यांना तेच सांगत आलेल्या माणसाला ते सहन होईना. पहिल्या फेरीत कोंबड्या उडाल्या. दुसऱ्या फेरीत एक कुत्रे मागे लागले. तिसऱ्या फेरीत यंत्राकडे बघायची गरजच उरली नाही.

पुढे समडोळीच्या अलीकडे रेघ डांबरी रस्ता सोडून सरळ उसात शिरली. मी शिरलो. पन्नास पावलांवर ती थांबली. मीही थांबलो आणि पुढील सूचनेची वाट पाहू लागलो. मुहूर्ताला पाऊण तास उरला होता. इतक्यात फोन वाजला.

"दाजी, हाय कुटं तुमी? पाव्हणं सारखं घड्याळ बघाय लागल्यात!"

"उसात आहे, दत्ता. येथून मार्ग कोणत्या दिशेने जातो?"

"उसात? आवं, तितं मी परसाकडं बसाय गेलतो!"

"आणि खुराड्याभोवती तीन फेऱ्या?"

"कुत्रं लागलं हुतं मागं!"

"दुधगावची न्हाणी?"

"हातपाय धुतलं, म्हातारीनं ताक दिलं. दाजी, ते यंतर फेका आनि डांबरी धरा, लय उशीर झालाय!"

मी डांबरी धरली. सांगलीच्या पुलापर्यंत यंत्र 'मार्ग चुकला' म्हणून आक्रोश करत होते, आणि आयुष्यात प्रथमच मी योग्य मार्गावर असल्याची मला खात्री होती.

मुहूर्ताला चार मिनिटे असताना मी मांडवात शिरलो. पत्नीने हात पुढे केला. मी अंगठी ठेवली. व्याह्यांनी घड्याळावरून नजर माझ्या टोपीवर नेली.

"सर, टोपीला हे पीस कसलं?"

"ट्रॅकवर होते," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी 'ट्रॅक'ची व्याख्या दुरुस्त करावी म्हणून वही उघडली. व्याख्येत चूक नव्हती. समासात मात्र मधुराच्या अक्षरात, मी चौतीस वर्षे पोरांच्या वह्यांवर मारलेला शेरा होता, लाल शाईत : 'पाठ आहे. समजलेले नाही. हस्ताक्षर उत्तम.'