व्याह्यांचा सॉना आणि दाराबाहेरचा पाट

कपाळी अग्नी आणि मस्तकी गंगा एकाच वेळी बाळगणाऱ्या, गोंदियाजवळच्या नागरा गावच्या महादेवास वंदन करून, नुकत्याच पार पडलेल्या महाशिवरात्रीच्या निमित्ताने हे लिहितो. महादेवानंतर अग्नी-पाण्याची अशी जोडी बाळगण्याचे धाडस त्रैलोक्यात केवळ आमच्या व्याह्यांनी केले.

गोंदियाच्या उसना, म्हणजे उकड्या, तांदळाच्या गिरणीत धान वाफवण्यात त्यांचे आयुष्य गेले. विहीणबाईंचे गुडघे असे आखडले की मागच्या शिवरात्रीस त्यांना अभिषेकाला बसता आले नाही. काठी टेकून त्या उभ्याच राहिल्या. तेव्हा व्याह्यांनी परसात लाकडी सॉना बांधला. तापल्या दगडांवर पाणी शिंपडायचे आणि आत बसून घाम गाळायचा. "जे धानाले मानवते, ते माणसाले काऊन नाही मानवणार?" हा त्यांचा सिद्धान्त.

मग उपकरणांची निवड सुरू झाली. स्टीलच्या पळ्याने त्यांचा हात असा पोळला की ते तांडव मी भक्तिभावाने पाहिले. नंतर लांब दांड्याचा लाकडी पळा आला. प्लास्टिकची बादली मऊ पडून सर्वांना नमस्कार करू लागली, तेव्हा तीही लाकडाची आली. पाठ टेकायला सागाची फळी झाली. वाळूच्या घड्याळावर मात्र विश्वास बसेना, म्हणून स्वतः आत बसून वेळ मोजण्यासाठी त्यांनी दाराबाहेर मला पुरुषसूक्त म्हणायला बसवले. मी स्वर सांभाळत निम्म्यावर आलो, तोच आतून आरोळी आली, "व्याहीजी, जल्दी म्हणा जी! मी उसना होऊन राहिलो!" इतकी निकड ऋषींनीही कल्पिली नसेल.

सर्व सिद्ध झाल्यावर विहीणबाईंनी उंबऱ्यातूनच आत पाहिले. "मले का धान समजले? दार लागलं का माहा जीव घाबरते. मी नाही जात."

शिवरात्र जवळ येत होती. व्याह्यांनी दाराची कडी उपटली, दाराच्याच फळीत झरोका पाडला आणि बाहेर एक पाट मांडला. रोज विहीणबाई आत, व्याही पाटावर, आणि झरोक्यातून जन्मभराचे राहिलेले भांडण. हे क्षणभर थांबले की आतून विचारणा होई, "झोपले का जी?" वाफ निम्मी बाहेर जाई, ह्यांनाच घाम अधिक येई.

शिवरात्रीस नागऱ्याला विहीणबाई पिंडीपुढे मांडी घालून बसल्या. शेजारी बसू पाहणारे व्याही मात्र अर्ध्यावर अडकले. पाटावर बसून बसून त्यांचेच गुडघे धरले होते. त्यांना हात देत विहीणबाई हळूच म्हणाल्या, "उद्यापासून तुमी आत बसा. मी पाटावर बसीन."

वाचकहो, तुमच्या घरात ऊब राहो, दारांना कड्या कमी असोत, आणि आत बसलेल्या जिवाशी बाहेरून कोणीतरी भांडत राहो, हीच शंभूचरणी प्रार्थना.